काठावर उभे असलेले आपण

गेल्या वर्षी 25 जुलैला, शुक्रवारी संध्याकाळी, मी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक बातमी टाकली. त्या ग्रुपवर एरवी टाकी धुण्याची तारीख, लिफ्ट बंद असल्याची सूचना आणि गुड मॉर्निंगची फुलं एवढंच येतं. त्यात माझी बातमी लग्नाच्या पंगतीत कुणी राजीनाम्याचं पत्र वाचायला घ्यावं तशी दिसली असणार.

बातमी उच्च न्यायालयाची होती. गाझात चाललेल्या हिंसेच्या निषेधासाठी काही लोकांना आझाद मैदानात जमायचं होतं. पोलिसांनी जूनमध्ये परवानगी नाकारली आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष कोर्टात गेला. न्यायमूर्ती रवींद्र घुगे आणि न्यायमूर्ती गौतम अंखड यांच्या खंडपीठाने याचिका फेटाळली. परवानगीचा मूळ अर्ज दुसऱ्याच संघटनेचा होता, हा तांत्रिक मुद्दा होताच. पण चर्चा झाली ती वेगळ्याच गोष्टीची. कोर्टाच्या म्हणण्याचा सारांश असा होता: आपल्याच देशात प्रश्न कमी आहेत का? गाझाकडे काय बघता, आपल्या देशाकडे बघा. कचरा, प्रदूषण, सांडपाणी, तुंबणारं पाणी यांवर बोला. देशभक्त व्हा.

मी बातमीखाली लिहिलं, "हे वाचा आणि सांगा, दुःखालाही आता हद्द असते का?"

दहा मिनिटांनी आमच्या सेक्रेटरी काकांचं उत्तर आलं. सत्तरीला आलेले काका मोबाइल एका बोटाने वापरतात, त्यामुळे त्यांचे मेसेज तारेसारखे छोटे असतात. "घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं. मागच्या नाल्याचं बघू आधी." त्याखाली पाच-सहा अंगठे पडले.

मी रागाने मोठं उत्तर लिहिलं आणि मग खोडून टाकलं. हा लेख म्हणजे ते खोडलेलं उत्तर आहे. फक्त तेव्हा मला वाटलं होतं तितकी मी बरोबर नव्हते आणि काकाही वाटले तितके चूक नव्हते. ते मला पुढच्या सहा महिन्यांत कळत गेलं.

*

आधी माझी बाजू सांगते.

कोर्टाने सांगितलं, कचऱ्यावर बोला, तुंबणाऱ्या पाण्यावर बोला. कबूल. पण बोलायचं कुठे?

मुंबई महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत 7 मार्च 2022 ला संपली. दुसऱ्या दिवसापासून प्रशासक आला. 227 नगरसेवक, महापौर, स्थायी समिती, सगळे एका रात्रीत माजी झाले. निवडणूक लांबली त्याची कारणं कागदावर होती. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात होता. प्रभागांची संख्या महाविकास आघाडीच्या सरकारने 227 वरून 236 केली, पुढच्या सरकारने ऑगस्ट 2022 मध्ये ती परत 227 वर आणली, आणि तोही वाद कोर्टात गेला. तारखांवर तारखा पडत राहिल्या. शेवटी 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असं सांगितलं. त्यालाही नंतर 31 जानेवारी 2026 पर्यंत मुदतवाढ मिळाली.

म्हणजे 25 जुलै 2025 ला आपल्याला 'घरच्या प्रश्नांवर बोला' असा सल्ला मिळाला, तेव्हा या शहराला तीन वर्षं आणि चार महिने लोकांनी निवडलेलं सभागृहच नव्हतं. त्या वर्षीचा महापालिकेचा अर्थसंकल्प होता 74,427 कोटींचा. प्रशासनाने मांडायचा आणि प्रशासकाने मंजूर करायचा. उत्तरपत्रिका लिहिणाऱ्यानेच ती तपासावी असा हा प्रकार. पेपर चांगला लिहिला असेलही, मला त्याबद्दल शंका घ्यायची नाही. पण तपासायला दुसरं कुणी हवं ना?

यात दोष एका पक्षाचा नाही. या काळात राज्यात दोन वेगवेगळी सरकारं होती, पक्ष फुटले, चिन्हं गेली, आमदार इकडचे तिकडे झाले. विधानसभा आणि लोकसभा या दोन्ही निवडणुका 2024 मध्ये वेळेवर पार पडल्या. तुंबून राहिली ती आपल्या गल्लीची निवडणूक.

आणि गल्लीत माणसं मरत होती. 13 मे 2024 ला दुपारी वादळ आलं आणि घाटकोपरच्या छेडा नगरमध्ये पेट्रोल पंपावर जाहिरातीचा फलक कोसळला. 17 माणसं गेली, सत्तरहून अधिक जखमी झाली. फलक होता 120 बाय 120 फुटांचा. महापालिकेच्या नियमात जास्तीत जास्त 40 बाय 40 बसतो. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यात होती. परवानगी त्यांनी दिली होती, आमची घेतलीच नाही, असं महापालिका सांगत होती. दोन सरकारी खाती एकमेकांकडे बोट दाखवत होती आणि मधे माणसं पत्र्याखाली होती. मी त्या पंपाच्या समोरून कित्येकदा रिक्षाने गेले आहे. तो फलक मी पाहिला होता. एवढा मोठा कसा, असं एकदाही मनात आलं नव्हतं.

नगरसेवक असता तर तो फलक पडला नसता, असं मी म्हणणार नाही. नगरसेवक असतानाही या शहरात पूल पडले आहेत. अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग 3 जुलै 2018 ला कोसळला, तेव्हा सभागृह होतंच. पण तोच पूल नोव्हेंबर 2022 मध्ये बंद झाला. फेब्रुवारी 2024 मध्ये त्याची एक बाजू उघडली, तर शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची उंचीच जुळेना. अख्ख्या शहराने त्यावर मीम बनवले. ते जोडायला जुलै उजाडला आणि पूर्ण पूल सुरू व्हायला मे 2025. या सगळ्या काळात सभागृहात उभं राहून 'हे कसं झालं, कोणी केलं, लेखी उत्तर द्या' असं विचारण्याचा हक्क असलेला एकही माणूस अंधेरीकरांकडे नव्हता. मीम होते. मीमला लेखी उत्तर द्यायला कुणी बांधील नसतं.

*

आता त्या घोड्याकडे, म्हणजे व्याह्याने धाडलेल्या घोड्याकडे वळू.

नगरसेवकांची मुदत संपण्याच्या पाच दिवस आधी, 2 मार्च 2022 ला, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाच्या युक्रेनवरच्या आक्रमणाविरुद्ध ठराव आला. 141 देश बाजूने, 5 विरोधात, 35 तटस्थ. भारत तटस्थ. गाझात युद्ध सुरू झाल्यावर 27 ऑक्टोबर 2023 ला युद्ध थांबवण्याचा ठराव आला. भारत तटस्थ. त्याच वर्षी 12 डिसेंबरला मात्र भारताने युद्धबंदीच्या बाजूने मत दिलं. मग 12 जून 2025 ला पुन्हा तसाच ठराव आला. 149 बाजूने, 12 विरोधात, 19 तटस्थ. भारत परत तटस्थांत. विरोधी पक्षांनी टीका केली. सरकारचं म्हणणं होतं की असे प्रश्न संवादाने आणि वाटाघाटींनीच सुटतात, आणि भारताची भूमिका आधीच्या मतदानांशी सुसंगत आहे.

'तटस्थ' या शब्दाकडे एकदा नीट बघा. तट म्हणजे काठ. तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला.

कॉलेजात तत्त्वज्ञान एक पेपर म्हणून घेतलं असेल, तर पीटर सिंगरचं तळं तुम्हाला माहीत असेल. सिंगरने हा निबंध 1971 च्या अखेरीस लिहिला, जेव्हा पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित भारतात येत होते आणि श्रीमंत देश हिशेब करत बसले होते. तो म्हणतो, समजा तुम्ही तळ्याकाठून जाताय. उथळ पाण्यात एक लहान मूल बुडतंय. आत शिरलात तर फार तर कपडे खराब होतील. शिराल की नाही? प्रत्येक जण हो म्हणतो. मग सिंगर विचारतो, ते मूल दहा पावलांवर असण्याऐवजी दहा हजार किलोमीटरवर असेल तर नेमकं काय बदलतं? अंतर हे कारण आहे, की सबब?

सिंगरच्या गोष्टीत काठावर उभा राहिलेला माणूस गुन्हेगार आहे. आपल्या परराष्ट्र धोरणात तोच माणूस शहाणा आहे. भाषा मात्र दोघांना एकच शब्द देते.

मी पक्षपात करणार नाही. देश म्हणजे माणूस नव्हे. देश काठावर उभा राहतो तेव्हा त्याच्या खांद्यावर बरंच काही असतं. युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा आपली वीस हजारांच्या आसपास मुलं तिथे अडकली होती. त्यांना घेऊन आलेलं पहिलं विमान बुखारेस्टहून 26 फेब्रुवारी 2022 ला मुंबईतच उतरलं, 219 जणांना घेऊन. त्या दिवसांत दिल्लीला मॉस्को आणि कीव्ह या दोन्हींशी बोलायचं होतं. तेल, शस्त्रं, सीमेवरचा चीन, हे हिशेब खोटे नाहीत. गाझाच्या बाबतीतही, 2023 च्या त्याच ऑक्टोबरमध्ये भारताने पॅलेस्टिनी लोकांसाठी औषधं आणि मदतीचं साहित्य पाठवलं होतं. मतदानात काठावर उभा असलेला हात दुसरीकडे दोरी टाकत असू शकतो.

माझी तक्रार तटस्थ राहण्याबद्दल नाही. दोन वेगळ्या गोष्टींबद्दल आहे. एक, डिसेंबर 2023 मध्ये 'हो' आणि जून 2025 मध्ये 'माहीत नाही', यामध्ये काय बदललं हे आपल्याला, म्हणजे या देशाच्या नागरिकांना, कुणी समजावून सांगायचं? राजदूत न्यूयॉर्कमध्ये दोन मिनिटांचं निवेदन वाचतात, पण ते आपल्यासाठी नसतं. आणि दुसरी गोष्ट जास्त गंभीर. सरकार तटस्थ आहे म्हणून नागरिकानेही तटस्थ राहावं, असं कधीपासून ठरलं? पोलिसांच्या नकारामागे एक कारण हेही होतं की असं आंदोलन देशाच्या परराष्ट्र धोरणाशी जुळत नाही. सरकार तोलून मापून बोलतं, ते त्याचं काम. पण म्हणूनच नागरिकाने मोकळं बोलायला हवं. दोघांनी एकच सूर लावायचा असेल, तर दोघांची गरजच काय? पुढच्याच महिन्यात पोलिसांनी परवानगी दिली आणि आझाद मैदानात ती सभा झाली, हेही सांगायला हवं. आभाळ कोसळलं नाही.

*

इथवर लिहून मी खूश होते. मग मी काकांच्या बाजूने विचार करून बघायचं ठरवलं. लेख तिथे अडकला.

'आधी घरचं बघा' म्हणणारे सगळेच कोत्या मनाचे नसतात. त्यांचा मुद्दा नीट मांडला तर असा होतो: लांबचं दुःख स्वस्त असतं. गाझावर स्टोरी टाकायला मला काय लागतं? चोवीस तासांत ती आपोआप जाते. कुणी मला मीटिंगला बोलावत नाही, वर्गणी मागत नाही, वॉर्ड ऑफिसच्या बाकावर दोन तास बसवत नाही. नाल्याचं दुःख मात्र महाग असतं. तिथे फॉर्म भरावा लागतो. शेजाऱ्याशी वाईटपणा घ्यावा लागतो.

ॲडम स्मिथने 1759 मध्ये हीच गंमत उलट्या बाजूने सांगितली होती. दूर चीनमध्ये भूकंपात लाखो माणसं गेल्याचं ऐकून युरोपातला भला माणूस हळहळेल, चार वाक्यं बोलेल आणि रात्री शांत झोपेल. पण उद्या आपली करंगळी कापली जाणार आहे हे कळलं, तर त्याचा डोळा लागणार नाही. स्मिथ त्याला वाईट म्हणत नाही. माणसाचं मन असंच बनलंय, म्हणतो. पण तिथेच थांबत नाही. तोच माणूस आपली करंगळी वाचवायला त्या लाखोंचा बळी देईल का? नाही देणार. आतून काहीतरी त्याला थांबवेल. म्हणजे जवळचं जास्त दुखतं हे खरं, आणि जवळचं दुखतं म्हणून लांबचं मोजायचंच नाही, हे खोटं. दोन्ही एकाच छातीत राहतात.

स्वस्त दुःखाचा अजून एक दोष असतो. ते निवडक असतं. सुदानमध्ये एप्रिल 2023 पासून युद्ध चालू आहे. लाखो लोक घरं सोडून पळाले. माझ्या फीडवर ते जवळजवळ नाहीच, म्हणून माझ्या मनातही नव्हतं. आणि ज्या युद्धावर मी इतकं ठामपणे बोलत होते, त्याच्या दुसऱ्या बाजूलाही मराठी बोलणारी माणसं आहेत, हे मी सोयीने विसरले होते. कोकणातून, अलिबागच्या आसपासच्या गावांतून आणि मुंबई-ठाण्यातून हजारो बेने इस्रायली कुटुंबं 1948 नंतर इस्रायलला गेली. तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघत आलंय. 7 ऑक्टोबर 2023 ला हमासने जे केलं, त्यानंतर सायरन वाजल्यावर जिन्याखाली पळणाऱ्या घरांत कुणीतरी आजी 'अगं बाई' म्हणाली असेल. हे आठवल्याने गाझातल्या मुलांचं मरण एका तसूनेही हलकं होत नाही. पण आपला आवाज जरा खाली येतो. खाली आलेल्या आवाजातही निषेध करता येतो. बहुधा जास्त चांगला करता येतो.

*

तरीही 'आधी घरचं' या वाक्यातल्या 'आधी' या शब्दाशी माझं भांडण आहे. कारण 'आधी' म्हटलं की 'नंतर' असायला हवं, आणि ते नंतर कधीच येत नाही. मुंबईचे नाले कोणत्या साली पूर्ण साफ होणार आहेत, म्हणजे मग आपल्याला जगाकडे बघायची परवानगी मिळेल?

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव तुम्ही शाळेत वाचलं असेल. मुंबईत सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेला हा तरुण डॉक्टर 1938 मध्ये चीनला निघाला. जपानने चीनवर आक्रमण केलं होतं आणि चीनने मदत मागितली होती. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. डॉ. अटल प्रमुख होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते. मुंबई बंदरातून ते बोटीने गेले.

आता त्या वेळचं 'घर' आठवा. देश पारतंत्र्यात होता. डॉक्टर मोजके, साथी पाचवीला पुजलेल्या. 'घरचं झालं थोडं' ही म्हण कधी कुणाला शोभली असती, तर 1938 च्या हिंदुस्थानाला. स्वतःचं परराष्ट्र धोरण नसलेल्या देशातल्या एका पक्षाने पाच डॉक्टर दुसऱ्याच्या युद्धात पाठवले. बाकीचे चौघे यथावकाश परतले. कोटणीस राहिले. 9 डिसेंबर 1942 ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. व्ही. शांतारामांनी 1946 मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला.

वीस वर्षांनी, 1962 मध्ये, त्याच चीनशी आपलं युद्ध झालं. म्हणजे कोटणिसांच्या मदतीचा देशाला 'फायदा' काय झाला, असं विचारलं तर उत्तर फारसं चांगलं येणार नाही. पण कोटणीस वाया गेले असं या देशात कुणी म्हणत नाही. सोलापूरला तर नाहीच. का? मला वाटतं, कारण त्यांनी घर आणि जग यांत निवड केली नव्हती. गुलामीचा राग आणि चीनमधल्या जखमी सैनिकाची कणव या त्यांच्यासाठी दोन टाक्या नव्हत्या, की एकीतलं पाणी काढलं तर दुसरी रिकामी होईल. ज्या पिढीने त्यांना पाठवलं, तिने चारच वर्षांत गवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव केला. चीनकडे बघून त्यांचं घराकडे दुर्लक्ष झालं नाही. मला तर उलटच दिसतं. दुसऱ्यावरचा अन्याय ओळखायची सवय लागली की आपल्यावरचा चटकन ओळखू येतो.

शाळेत आपण सगळ्यांनी हात जोडून पसायदान म्हटलंय. ज्ञानेश्वरांनी ते मागणं मागितलं तेव्हा त्यांच्या घरचं काय आलबेल होतं? आईबाप गेलेले, गावाने वाळीत टाकलेलं. घरचं आधी नीट होऊ दे, मग सगळ्यांसाठी मागतो, असं ते म्हणाले नाहीत.

*

हे सगळं काकांना ऐकवायचं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. मग जानेवारी आला.

जवळजवळ चार वर्षांनी महापालिकेची निवडणूक जाहीर झाली. मतदान 15 जानेवारी 2026 ला, गुरुवारी. सुट्टी. आदल्या दिवशी संक्रांत होती. शुक्रवारी रजा टाकली की चार दिवस सलग मिळत होते. ऑफिसमधल्या पाच जणांचं अलिबागला जायचं ठरलं. मी ना हो म्हटलं, ना नाही. मग गेले. बोटीत बसल्यावर मला आठवलंही, आणि मी स्वतःला सांगितलं, माझ्या एका मताने काय होणार आहे? नाहीतरी उमेदवारांपैकी मी कुणाला ओळखते?

या शहराला चार वर्षं सभागृह नव्हतं म्हणून सात परिच्छेद लिहिणारी मी, सभागृह निवडायच्या दिवशी समुद्रकिनाऱ्यावर होते. शब्दशः तटावर.

मी एकटी नव्हते. मुंबईत जेमतेम निम्म्याहून थोड्या जास्त मतदारांनी मत दिलं. 12 जूनला न्यूयॉर्कमध्ये 19 देश तटस्थ होते म्हणून आपण चिडलो. 15 जानेवारीला आपल्या शहरातली जवळपास निम्मी माणसं तटस्थ होती. त्यांच्यावर ना कुठल्या महासत्तेचा दबाव होता, ना तेलाचा हिशेब. आपल्या नेत्यांवर टीका करताना मी जे विचारलं, 'काय बदललं ते आम्हाला समजावून सांगा', तोच प्रश्न मला विचारला तर माझ्याकडे दोन मिनिटांचं निवेदनसुद्धा नव्हतं.

रविवारी रात्री परत आले तर काका खाली वॉचमनशी बोलत उभे होते. त्यांच्या डाव्या हाताच्या बोटावर शाई होती. माझं लक्ष तिकडे गेलं आणि त्यांचं माझ्या हाताकडे. काही बोलले नाहीत. "दमलीस का गं प्रवासाने?" एवढंच विचारलं. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. मी विचारलं म्हणून त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. मागच्या नाल्याची. तीन पावसाळ्यांची पत्रं होती, प्रत्येकावर पोच दिल्याचा शिक्का. फोटो होते, तारखा पेनाने लिहिलेल्या. एका पत्रावर आमच्या इमारतीतल्या सह्या होत्या. त्यात माझ्या बाबांची होती, माझी नव्हती. "तुझ्याकडे दोनदा आलो होतो," काका म्हणाले, "तू कॉलवर होतीस."

म्हणजे जुलैमध्ये ग्रुपवर 'मागच्या नाल्याचं बघू आधी' असं लिहिणारा माणूस खरोखर बघत होता. मला तो मुद्दा बदलणारा वाटला होता. अंगठे देणाऱ्या पाच-सहा जणांपैकी कितींच्या सह्या त्या पत्रावर होत्या, हेही मी मोजलं. दोन.

*

मग माझ्या लक्षात आलं की मी रेघ चुकीच्या जागी ओढत होते. मला वाटत होतं, एकीकडे जगाचा विचार करणारे आहेत आणि दुसरीकडे फक्त घराचा. तशी रेघ नाहीच. रेघ आहे ती पाण्यात उतरलेले आणि काठावर उभे असलेले यांच्यामध्ये. काठावर उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही वाक्यं उपयोगी पडतात. गाझाचं निघालं की तो म्हणतो, आधी नाला बघा. नाल्याचं निघालं की म्हणतो, जगात काय चाललंय आणि तुम्ही गटारं काय घेऊन बसलात. मी दुसरं वाक्य कधी तोंडाने म्हटलं नाही, पण वागले तशीच.

म्हणून कुणी 'आधी घरचं बघा' म्हणालं, की आता मी वाद घालत नाही. एकच गोष्ट विचारते, तीही न चिडता: तुम्ही घरचं काय बघताय? उत्तरादाखल फाइल निघाली, तर त्या माणसाच्या शेजारी बसून घ्यावं, त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे. फाइल नसेल, तर ती देशभक्ती नाही आणि व्यवहारही नाही. नुसता काठ आहे. तोच प्रश्न मला स्वतःलाही विचारावा लागतो, जगाबद्दल. स्टोरीपलीकडे काय? मदत पाठवली? नीट वाचलं? माझ्या खासदाराला दोन ओळींचं पत्र लिहिलं? की ज्यांच्याशी मी सहमत आहे अशा तीनशे जणांना दाखवून झोपले?

आणि नेत्यांनाही हाच प्रश्न. तुम्ही काठावर का उभे आहात ते आम्हाला आमच्या भाषेत सांगा. कारण पटलं तर आम्ही गप्प बसू, नाही पटलं तर आझाद मैदानात येऊ. दोन्ही चालेल. पण काठावर उभं राहणं हीच थोर परंपरा आहे, असं मात्र सांगू नका. आपल्या परंपरेत सोलापूरहून निघालेली एक वाटही आहे.

नाल्याचं नवीन पत्र मी टाइप केलं. एका बोटाने टाइप करणाऱ्या काकांना ते फार आवडलं. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आम्ही दोघं ते घेऊन नव्या नगरसेवकाच्या ऑफिसात गेलो. बाकावर पावणेदोन तास बसलो. पहिला अर्धा तास मी फोन बघत होते, मग बॅटरी गेली. नालेसफाईचं कंत्राट कसं निघतं, गाळ कुठे टाकतात, वजन कसं मोजतात, हे काकांनी मला त्या बाकावर समजावलं. शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

मग बराच वेळ दोघंही गप्प होतो. आतून नाव पुकारायला अजून वेळ होता. काकांनी चष्मा काढून रुमालाने पुसला आणि समोर बघत विचारलं, "ते तू ग्रुपवर टाकलं होतंस ना, गाझाचं... तिथे आता काय चाललंय गं?"

मी सांगायला लागले.